मंगळवारी पडलेली पिपेट

मित्रांनो, तुमच्या पेनापेक्षा मी थोडी जाड आहे. डोक्यावर अंगठ्याने दाबायचे बटण आणि खाली निमुळते टोक. मी प्रयोगशाळेतली एक जुनी पिपेट आहे. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा थेंब अचूक मोजून देणे, एवढेच माझे काम.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्याकडून पुन्हा पुन्हा पाण्याचे थेंब सोडवून घेतले, तराजूवर तोलले आणि सगळे सारखे भरले तेव्हाच मला डब्यात घातले. चौदा वर्षांपूर्वी मी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात आले. सरोजिनी मॅडम तेव्हा तिथे नव्याने शिकवायला लागल्या होत्या. काम झाले की त्या मला मऊ कापडाने पुसून स्टँडवर टांगत आणि विद्यार्थ्यांना सांगत, "ही कधी चुकत नाही."

ते ऐकून मला फार बरे वाटे. पण त्या कौतुकानेच माझा घात केला. जी कधी चुकत नाही, तिला तपासणार कोण? सुरुवातीला दर सहा महिन्यांनी माझी तपासणी होई. मग वर्षाने होऊ लागली. गेली तीन वर्षे तर कोणाला आठवणही राहिली नाही.

यंदा द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वल्लरी माझ्यासोबत काम करू लागली. ती सरोजिनी मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करते. द्राक्षाच्या पानांवर केवडा नावाचा रोग पडतो. पानाच्या पेशींत एक जनुक असते. ते जागे झाले की पान त्या रोगाशी झुंजते. निरगुडीचा अर्क फवारला तर ते जागे होते का, हे वल्लरीला पाहायचे होते. दिंडोरीकडच्या गोरक्षभाऊंनी त्यासाठी आपल्या बागेतली अर्क फवारलेली आणि न फवारलेली पाने दिली होती.

जनुक किती जागे आहे हे मोजताना सोबतीला दुसरे एक स्थिर जनुक घेतात. फवारणी असो वा नसो, ते सारखेच काम करते. मग दोघांची तुलना करायची. स्थिर जनुकासाठी थेंब मी देत होते आणि रोगाशी झुंजणाऱ्या जनुकासाठी शेजारची नवी पिपेट. सोमवारी वल्लरीने न फवारलेली पाने मोजली. फवारलेली पाने मंगळवारी मोजायची होती.

मंगळवारी सकाळी ती यायच्या आधी तिचा सहकारी तनय मला घेऊन काम करत होता. त्याचा फोन वाजला, तो वळला आणि मी फरशीवर आदळले. त्याने मला उचलून उलटसुलट करून पाहिले. वरून ओरखडाही नव्हता. त्याने मला गुपचूप स्टँडवर लावले. माझ्या आतली रबरी चकती मात्र चिरली होती. दोन मायक्रोलिटर मागितले की मी कसेबसे एक देत होते, उरलेली नुसती हवा.

थोड्या वेळाने वल्लरी आली आणि पूर्ण भरवशाने तिने मला हातात घेतले. त्या दिवशी स्थिर जनुकाच्या वाट्याला निम्म्या मापाचे थेंब गेले. ते जनुक दुबळे दिसले, आणि त्याच्या तुलनेत झुंजणारे जनुक दुप्पट जागे झाल्यासारखे वाटले. आकडे पाहून वल्लरीचे डोळे भरून आले. दोन वर्षे ती त्यांची वाट पाहत होती. तिने लगेच गोरक्षभाऊंना फोन लावला.

"म्हणजे नेहमीचं औषध नाय मारलं तरी चालंल का, मॅडम?" त्यांनी विचारले.

"अर्कावर भागेल असं वाटतंय," ती म्हणाली.

शनिवारी अहवाल लिहिताना ती थबकली. प्रत्येक नमुना तिने तीन तीनदा मोजला होता. सोमवारचे तिन्ही आकडे एकमेकांना धरून होते, मंगळवारचे मात्र विखुरलेले. शिवाय जे जनुक स्थिर राहायला हवे, तेच प्रत्येक फवारलेल्या पानात कमी दिसत होते.

"मॅडम, मला हे आकडे पटत नाहीत," ती सरोजिनी मॅडमना म्हणाली.

"मग आधी हत्यारं तपास," मॅडम म्हणाल्या.

वल्लरीने मला तराजूजवळ नेले. दहा वेळा दोन दोन मायक्रोलिटर पाणी सोडले. एक मायक्रोलिटर पाणी एक मिलिग्रॅम भरते, म्हणजे एकूण वीस मिलिग्रॅम भरायला हवे होते. तराजूने अकरा दाखवले.

पलीकडच्या टेबलावरून तनय उठून आला. "मंगळवारी माझ्या हातून पडली होती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वरून काही दिसलं नाही, म्हणून बोललो नाही."

वल्लरीचा चेहरा उतरला. "मी गोरक्षभाऊंना औषध थांबवायला सांगितलंय, तनय."

मॅडमनी मला हातात घेतले. "तीन वर्षं हिला तपासायला पाठवलं नाही, ती चूक माझी," त्या म्हणाल्या. "पण आधी फोन कर."

चार दिवस ढगाळ हवा होती आणि अशा हवेत केवडा झपाट्याने पसरतो. गोरक्षभाऊंनी औषध मारले नव्हते. वल्लरीच्या फोनवर त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि त्याच दुपारी औषध मारायला ट्रॅक्टर बागेत घातला. दोन दिवसांनी त्यांचाच वल्लरीला फोन आला.

"दोन ओळी केवड्यानं गेल्या, मॅडम. बाकीची बाग हाय." मग ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी अजून आठ दिस थांबलो असतो. पानं पाहिजे असली तर परत न्या."

मॅडमनी मला दुरुस्तीला पाठवले. नवी चकती बसवून, तोलूनमापून मी परत आले. या वेळी वल्लरीने दोन्ही प्रकारची पाने एकाच दिवशी, सरमिसळ करून मोजली. नळ्यांवर फक्त क्रमांक होते. कोणती पाने फवारलेली ते एकट्या तनयला ठाऊक होते. दोन्ही जनुकांचे थेंब तिने माझ्याकडूनच घेतले आणि दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यापासून पुन्हा केले. दोन्ही दिवस उत्तर एकच आले. अर्काने जनुक जागे होत नव्हते. तिने अहवालात तसेच लिहिले. एकही आकडा तिने गाळला नाही.

मित्रांनो, वस्तू हातून पडते, त्यात लाज कसली? आमच्यावर भरवसा जरूर ठेवा, पण अधूनमधून आम्हाला तोलूनही बघा. आणि काही पडले, तर पुढच्या माणसाने ते हातात घेण्याआधी त्याला सांगा. सांगायला एक मिनिट लागते. न सांगितलेली गोष्ट कोणाच्या तरी बागेपर्यंत जाऊन पोहोचते.