राखेतून धावताना

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे आणि सध्या जरा चिडलेली आहे. तेव्हा माझं म्हणणं निमूटपणे ऐकून घ्या.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी टाकी लालबुंद होती. ज्यांनी मला घरी आणलं, ते बाबा कामावरून आले की कपडे बदलायच्या आधी मला फडक्याने पुसत. "आता तिलाच जेवायला वाढा!" असं आई फणकाऱ्याने म्हणायची. बाबा गेले आणि मी त्यांच्या मुलीकडे आले. ती टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते.

आमचा रस्ता जंगलातून जातो. वणव्यांचे दिवस आले की तिथून जाताना जीव नकोसा होतो. आकाश विटकरी दिसतं. राख माझ्या आरशांवर बसते, ताईच्या पापण्यांवर बसते. मध्येच पोलीस हात करतात, "पुढे आग आहे, मागे फिरा." मग लांबचा फेरा, मग उशीर, मग वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंची बोलणी. आणि तो सगळा राग निघतो कुठे? माझ्या किकवर!

त्यात माझा एअर फिल्टर राखेने बुजला होता. नाकात कापूस कोंबून तुम्हाला कुणी पळायला लावलं तर कसं वाटेल? संध्याकाळी भाऊ मला घेऊन गावभर हुंदडायचा, म्हणून ते काम त्याच्याकडे होतं.

"केलास का रे फिल्टर साफ?"

"उद्या नक्की, ताई. शप्पथ!"

त्याचा उद्या काही उजाडला नाही.

एका दुपारी वारा फिरला. वृद्धाश्रम रिकामा करताहेत, असा फोन आला. ताईची सुट्टी होती, तरी ती निघाली. चढावर मी खोकले, आचके दिले आणि बंद पडले.

"खटारा मेली! आजच मरायचं होतं तुला?"

मित्रांनो, हे फार लागलं मला. माझी काय चूक होती?

किक मारून पाय भरून आला, तेव्हा कुठे तिने फिल्टर उपसून काढला. राखेचा नुसता लगदा! फिल्टरशिवाय गाडी चालवली तर राख थेट इंजिनात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने तो पिशवीत टाकला. मग माझ्या टाकीवर थोपटून म्हणाली, "माफ कर गं." मी सुरू झाले. दर श्वासाला आतून ओरखडे उठत होते, पण धावले.

पोचलो तर सगळ्यांना नेणारी बस निघून गेलेली. ताई वळणार, तोच मागच्या बागेतून शिंक ऐकू आली. बाकावर एक आजोबा स्वस्थ बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं.

"सगळे जेवायला गेले का गं?"

"माणसंसुद्धा मोजता येत नाहीत यांना!" ताई संतापली. तिने ओढणीने आजोबांना स्वतःच्या पाठीशी बांधलं. दोन्ही बाजूंना झुडपं तडतडत होती, ठिणग्या उडत होत्या, आणि आजोबा तिच्या कानात ओरडत होते, "हळू चालव, पडू आपण!"

आम्ही सुखरूप गावात पोचलो. ताईचं कौतुक झालं, फोटो निघाले. मला बाजूला लावलं होतं, मी काही फोटोत आले नाही.

आता मी गॅरेजात आहे. "सिलेंडर पार घासलाय," गॅरेजवाला म्हणाला. काल भाऊ आला. माझं इंजिन जमिनीवर सुटं पडलेलं, आणि त्याच्या हातात धुऊन वाळवलेला फिल्टर.

"ताई, बघ, कसा चकचकीत केलाय!"

ताईने तो त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या सुट्या इंजिनाशेजारी ठेवला.

मित्रांनो, शाबासकी नाही दिलीत तरी चालेल. पण तुमच्या दाराशी माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर ती धडधडत असते तेव्हाच तिच्याकडे बघा. बाहेर अजून धूर आहे, आणि ताई रोज कामाला चालत निघते आहे.