माझ्या मागं बसलेली सरू

मी सिनेमाचा पडदा बोलतोय. म्हणजे होतो पडदा. आता पणदऱ्यात मोहनरावांच्या गोठ्यात वारा अडवायला टांगलाय मला, आणि म्हशी माझ्याकडं ढुंकूनही बघत नाहीत.

मांजरपाटाचे चार पट्टे जोडून इंदापूरच्या एका शिंप्यानं मला शिवलं. मग जत्रा-जत्रांतून तंबू, आणि तंबूत मी. पुढं बाप्ये बसायचे, माझ्या मागं बाया. चित्र दोन्हीकडं दिसायचं, बायांना तेवढं उलटं. तंबू मोडला तेव्हा मोहनरावांनी हौसेनं मला घरी आणलं.

कुठले सिनेमे आठवतात, म्हणाल. तिथंच माझी गोची आहे. चित्र माझ्या अंगावर पडायचं, मला कुठं दिसायचं? लोक हसले, रडले, त्यावरून मी आपली गोष्ट रचायचो. आता आठवलेलं कुठलं आणि रचलेलं कुठलं, माझं मलाच उमगत नाही.

मोहनरावांचंही हल्ली असंच झालंय. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला, सरुबाईला, विचारतात, "बाई, तुमी कुणाच्या?"

"तुमचीच की."

"उगं कायबाय बोलू नका. माजी बायकू म्हायेरी गेलीया."

ती वैरण टाकायला जाते. मला फार वाईट वाटतं तिचं.

परवा संध्याकाळी सरुबाई माझ्या मागं धार काढत होती. मोहनराव पुढं बाजेवर बसून एकटेच सिनेमा सांगत होते. "शेवटी ती बैलगाडीतनं डावीकडं गेली."

"उजवीकडं," मागून सरुबाई म्हणाली.

"डावीकडं. मी म्होरंच बसलो हुतो."

"असाल. मी बगितलं ते उजवीकडंच."

मी पार गोंधळलो. गाडी माझ्याच अंगावरून गेली आणि मलाच सांगता येईना.  मोहनराव उठले, माझं टोक उचललं आणि पलीकडं बघितलं.

"म्हंजी तू मागं हुतीस. बायांत."

"व्हय."

"सरू, हिरवं लुगडं हुतं तुजं."

लुगडं लाल होतं, असं मला वाटतं. पण माझा काय भरवसा. "व्हय, हिरवंच," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "बाई, तुमी कुणाच्या?"  सरुबाईनं त्यांना बाजेवर बसवलं आणि माझ्या मागं जाऊन ती म्हणाली, "गाडी उजवीकडं गेली."

त्यांचा मुलगा अविराज उद्या बारामतीहून निळी ताडपत्री आणणार आहे, मी फाटलोय म्हणून. खरंच फाटलोय. पण बाबा, आणखी थोडे दिवस राहू दे मला. तुझ्या आईला बसायला माझी मागची बाजू लागते.