फ्लेक्सवरचा मान

दीक्षाची अकोल्याला बदली झाली, तेव्हा धम्मदीपनं राजापेठेतल्या ट्यूशन क्लासमधली नोकरी सोडायची तयारी दाखवली. स्वाभिमान मात्र नाही. अकोल्याचा क्लासवाला पगार कमी देत होता. "फिजिक्सवाले सर काय रस्त्यावर पडले हायेत?" असं तो बायकोला उठता-बसता ऐकवायचा.

राजापेठेतली आपली किंमत त्याला ठाऊक होती. क्लासच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो शेवटच्या कोपऱ्यात होता, तोही विजेच्या खांबाआड. तरी नकार तोंडावर फेकायचा म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून तो अकोल्याला गेला.

ऑटोतून उतरतो, तर क्लासच्या दारावर नवाकोरा फ्लेक्स. मधोमध तोच, लग्नातल्या कोटात, होता त्याहून गोरा, खाली 'फिजिक्ससम्राट'. स्वाभिमानानं तिथंच मान टाकली. हा फोटो यांच्याकडे आला कुठून, हेही सम्राटांना सुचलं नाही. पगाराचं नाव न काढता ते होकार देऊन आले.

"पाह्य, कसं झुकवलं त्याईले!" घरी येऊन तो म्हणाला.

"तुमी ऐटीत फोन उचलून नव्हते राहिले," दीक्षा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "म्हून मालकानं मले इचारलं, सर कशानं मानतीन? मंग म्याच फोटो धाडला."