छापण्यास हरकत नाही

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, भित्राही आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने जाड भिंगातून बघत माझ्या पोटावर तीन शब्द उलटे कोरले, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटावेत: ‘छापण्यास हरकत नाही’. वर लाकडी मूठ ठोकली आणि म्हणाला, “जा बाबा, मोठ्या घरी पडलास.”

मोठं घर म्हणजे बिशपांचं कार्यालय. तिथे परीक्षक फादरांच्या टेबलाच्या खणात माझा मुक्काम असे. चर्चच्या नावाने पुस्तक काढायचं तर ते आधी त्यांच्याकडे येई. त्यात श्रद्धेला किंवा नीतीला सोडून काही नाही ना, हे ते तपासत आणि मग मला शाईच्या गादीवर टेकवून शेवटच्या पानावर उठवत. शाई वाळावी म्हणून वर फुंकर घालत, त्यामुळे कार्यालयातले कारकून त्यांना पाठीमागे ‘फुंकर फादर’ म्हणत. तसे ते ताकही फुंकून पिणारेच होते. वरच्यांना काय वाटेल, या काळजीनेच ते अर्धे झाले होते. त्यांना पुटपुटत वाचायची खोड होती, म्हणून सगळी पुस्तकं माझ्याही कानावर पडत.

सुरुवातीला माझा काय रुबाब होता म्हणून सांगू. छापखानेवाला माझा ठसा जसाच्या तसा पुस्तकाच्या मागच्या पानावर छापायचा आणि म्हणायचा, “शिक्का आहे ना? मग बघायलाच नको.” हे ऐकून मी गादीवर फुशारून बसत असे. आता ते आठवलं की लाज वाटते.

एकदा लग्न ठरलेल्या जोडप्यांना वाटायची एक बारीकशी पुस्तिका आली. लिहिणारे धर्मगुरू वयाने आणि मानाने मोठे होते. फादरांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, “यांचं मी काय तपासणार?” असं स्वतःशीच म्हणाले आणि मला उठवलं. मधली पानं तशीच राहिली. हजारो प्रती निघाल्या.

बऱ्याच वर्षांनी नीतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सिस्टरांचं जाडजूड हस्तलिखित टेबलावर आलं. विवाह, शरीराचा मान आणि संमती, हा त्यांचा विषय. त्यासाठी बारा वर्षं त्यांनी जुने ग्रंथ आणि धर्मसभांचे ठराव पिंजून काढले होते. काही धर्मगुरूंनी केलेले अत्याचार चर्चने कसे दडपले आणि लोकांचा विश्वास कसा उडाला, यावरही एक प्रकरण होतं. परवानगी मिळाली नाही तर नव्या सत्रापासून त्यांचा वर्ग काढून घेणार, असं त्यांना बजावलेलं होतं.

फादर चार दिवस पुटपुटत वाचत होते. पाचव्या दिवशी त्यांचं पुटपुटणं मध्येच थांबलं. पानावर एका बाईचं पत्र होतं. फादरांनी ते पुन्हा वाचलं, तेव्हा मला शब्द कळले.

“मी नाही म्हटलं. माझ्या नवऱ्याने कपाटातून लग्नाच्या वेळची पुस्तिका काढली. पत्नीने पतीला नाही म्हणणं पाप आहे, या ओळीवर बोट ठेवून ती मला वाचायला लावली. मागे शिक्का होता. मग मी पुन्हा कधी नाही म्हटलं नाही.”

मित्रांनो, माझं रबर थंडगार पडलं. तो ठसा माझा होता. फादरांनी फडताळातून ती पुस्तिका शोधली, मधलं पान उघडलं. ती ओळ तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरांना बोलावलं. “सिस्टर, तेवढं पत्र काढता येईल का?” त्यांनी विचारलं.

“काढलं तर उरलेली पानं म्हणजे नुसती माझी विद्वत्ता,” सिस्टर म्हणाल्या. “फादर, त्या पुस्तिकेत शास्त्रातली ओळ अर्धीच घेतलीय. पत्नीचं शरीर पतीचं, एवढंच लिहिलं. पतीचंही पत्नीचं, हे त्याच ओळीत पुढे आहे. ते गाळलं कसं, हे कुणीच विचारलं नाही.”

फादरांनी खाली बघितलं. विचारायचं काम त्यांचंच होतं.

तेवढ्यात कार्यालयाचे प्रमुख आत आले. त्यांना सगळे मोठे फादर म्हणत. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. “हे बाहेर गेलं तर उद्या जो तो आपल्याकडे बोट दाखवेल,” ते शांतपणे म्हणाले. “बिशपस्वामींची सही नंतरची गोष्ट. तुम्ही शिक्का उठवलात, तर ही खुर्ची गेली म्हणून समजा. या वयात कुठे जाल?”

फादरांचा तळहात घामाने चिंब झाला होता, मुठीतून मला ते कळत होतं. तरी त्यांनी मला उचललं आणि हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर टेकवलं. पण वापरून वापरून माझी एक कड झिजली होती, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कागदावर उमटलं फक्त ‘छापण्यास हरकत’.

मोठे फादर हसले. “बघा, शिक्क्याला तुमच्यापेक्षा अक्कल आहे. राहू द्या आता तसंच.”

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. फादरांना सुटायला आयती पळवाट मिळाली होती, आणि ते सुटणार, अशी माझी खात्रीच होती. मीही मनात तेच मागत होतो, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि पेन घेतलं. पहिलाच काना वाकडा गेला. ‘हरकत’च्या पुढे त्यांनी लिहिलं, ‘नाही’. खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘लग्नाची ती पुस्तिका मी न वाचता मंजूर केली होती.’ आणि पूर्ण नावाने सही केली.

त्यांची खुर्ची गेली. त्यांना लांबच्या एका लहानशा चर्चमध्ये पाठवलं. बिशपस्वामींनी दोन महिने हस्तलिखित अडवून ठेवलं आणि मग सोडलं. सिस्टर अजून शिकवतात. टेबलावर आता नवा शिक्का आहे आणि मी टाचण्यांच्या डब्यात पडून आहे.

मित्रांनो, शिक्के वेळच्या वेळी पुसावेत, झिजले तर बदलावेत, हे तर मी सांगेनच. पण माझी भीती वेगळी आहे. त्या पुस्तिकेच्या हजारो प्रती परत कुणी मागवल्या नाहीत. त्या कुणाच्या ना कुणाच्या कपाटात अजून असतील, आणि प्रत्येकीच्या मागे मी आहे, ठळक, न झिजलेला. कधी तुमच्या घरात कुणी ‘नाही’ म्हणालं आणि दुसऱ्या कुणी पुस्तक काढून दाखवलं, तर मागचं पान उलटून माझ्याकडे बघू नका. जी नाही म्हणतेय, तिच्याकडे बघा.