पेंढ्यातले पाहुणे

मुलीच्या लग्नात मिरवायचं, एवढी एकच हौस मानवेलने उराशी बाळगली होती. नशिबी आला फाटकावरचा पहारा.

वसईला त्याच्या स्वतःच्या लग्नात मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, साथीच्या नियमाने, मेरिलच्या लग्नाला पाचच माणसं: नवरा कीरन, नवरी, फादर, आणि साक्षीला मानवेल नि कीरनची आई. चर्चला कुलूप, म्हणून फादरनी खास परवानगी काढून परसातच लग्न लावायचं कबूल केलं होतं. सहावं माणूस दिसलं नि शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं, की बट्ट्याबोळ.

सहावे खरं तर ठरलेलेच होते. कीरनचे आजोबा, डॅन. आयर्लंडच्या खेड्यातून तरुणपणी आलेले शेतकरी. साखरपुड्याला मानवेलचा हात धरून सांगत बसले होते, की त्यांच्या गावी लग्नघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून जमिनीवर आडवं टाकत आणि त्यावर अख्खा गाव उजाडेपर्यंत नाचे. "मरण्याआधी नातसुनेबरोबर एकदा नाचणार," म्हणाले होते. येऊ नका, हे त्यांना फोनवर सांगायचं काम मानवेलवरच आलं. जिवावर आलं, पण सांगितलं.

शपथा झाल्या आणि फाटकाशी काहीतरी सळसळलं. मानवेल धावला. बाहेर दोघे जण उभे. डोक्यावर पेंढ्याच्या उंच निमुळत्या टोप्या, छातीपर्यंत उतरलेल्या, तोंड दिसेना. पुढच्याने न बोलता हात पुढे केला. हात थरथरत होता. पिऊन आलाय मेला, असं मानवेलला वाटलं.

"हू आर यू? नाव सांगा!"

पुढे केलेला हात तसाच राहिला.

"गो होम, मेट! पोलिसांना बोलावू?" त्याने मोबाईल उगारला.

पुढची टोपी किंचित झुकली. दोघे गाडीकडे वळले. मानवेल मोठा गड राखल्यासारखा आत आला.

"कोण होतं, डॅडी?"

"कुणीतरी ड्रंक लोक गं. डोक्यावर पेंढा घालून आले होते."

कीरनच्या आईने कपाळाला हात लावला. मग तिने सांगितलं. तिच्या वडिलांच्या, डॅनच्या, गावी लग्नाला असे पेंढ्यातले पाहुणे न बोलावता येत. त्यांचा म्होरक्या नवरीबरोबर नाचला, की संसाराला बरकत. नाच होईतो नाव सांगायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. आणि त्यांना दारातून परत कधी पाठवत नसत.

कीरनने लगेच आजोबांना फोन लावला. म्हातारा हसला. "त्याने बरोबरच केलं. साथ सरली की नाचू."

साथ कसली सरतेय! पंधरवड्यात डॅन झोपेतच गेले.

दफनाला नियमाने दहाच माणसं. मेरिल घरातली म्हणून गेली. मानवेलने घरी बसून मोबाईलवर थेट पाहिलं. शवपेटीवर तीच टोपी ठेवलेली. मेरिल पुढे झाली, टोपीवर तळहात ठेवला आणि हात न काढता हळूहळू पावलं टाकू लागली, एक पुढे, एक मागे. फादरनी मान खाली घातली.

मानवेलला ते बघवेना. तो उठला, बाहेर गेला आणि फाटक सताड उघडून उभा राहिला. आज कुणीही आलं असतं, तरी त्याने नाव न विचारता आत घेतलं असतं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.