इरजन हालाडू नका

माझा मोठा भाऊ सुकदेव. पारोळ्याहून त्याला जळगावच्या दवाखान्यात आणला तेव्हा पोट ढोलासारखं ताणलेलं. पित्ताच्या पिशवीतला खडा अडकला अन् स्वादुपिंड सुजलं. सूजही साधी नाही, जबरी. आतडं एकदम गप्प. वारासुद्धा सरेना.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. डॉक्टर नेहेते म्हणाले, "अशा पेशंटला आम्ही उपाशीच ठेवायचो. पण रिकामं आतडं कमजोर पडतं, वाईट जंतू रक्तात घुसतात. म्हणून नाकातून नळी थेट लहान आतड्यात टाकलीय. तिच्यातून थोडं थोडं अन्न देऊ. सोबत चांगले जिवंत जंतू, अन् त्या जंतूंना खायला फायबरची पावडर. नवीन आहे, खात्री देत नाही. पण पोट हललंच नाही तर नळी बंद करावी लागेल. मग अवघड आहे."

माझ्या अंगावर काटाच आला! जंतूच औषध! मी दहावी नापास, रद्दीतली विज्ञानाची मासिकं वाचून शिकलेला. मला तर नाचावंसं वाटलं.

माय भडकली. "मना पोऱ्या उपाशी, अन् जंतूसले जेवण?"

डॉक्टर समजावून थकले. मला एकदम सुचलं. म्हटलं, "माय, इरजन शे ते! दुधात इरजन टाकतेस ना, तसं भाऊच्या पोटात."

"मंग असं सांगा ना! जंतू जंतू काय करतस?"

झालं! नळी सुरू. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी हवेत!

दुसऱ्या दिवशी सिस्टर भाऊला कुशीवर वळवायला, उठवून बसवायला आल्या. पोट हलायला ते पाहिजेच म्हणे. तर माय दोन्ही हात पसरून आडवी.

"हात लावू नका! इरजन लायेल शे. हालाडं तर मोडी जाई!"

सिस्टर माझ्याकडे बघताहेत. मी भिंतीकडे.

शेजारच्या खाटेवर धुळ्याचे नथ्थूआबा. ते म्हणाले, "अक्का, मंग त्याले फडकं बांधीसन शिंक्यावर टांगी ठेव!"

अख्खा वॉर्ड हसला. माय हलेना. इकडे भाऊचं पोट तसंच टणक. सिस्टर म्हणाल्या, आता डॉक्टरांना बोलावते. माझ्या डोक्यात नुसती भिंगरी. दही... दही... दह्याचं पुढे काय करतात?

"माय! दही कालच लागनं! आते ताक करनं शे!"

माय थांबली. माझ्याकडे पाहिलं. भाऊच्या पोटाकडे पाहिलं.

"मंग पहिले का नही सांगं?"

पदर खोचला अन् भाऊचा एक खांदा तिनंच धरला. भाऊ कण्हला, "माय, हळू..."

"घुसळाले हळू चालत नही!"

"अक्का, इथं हळूच चालतं!" सिस्टर ओरडल्या.

मग तिघांनी मिळून. या कुशीवर, त्या कुशीवर, उशीला टेकवून बसव. परत झोपव, परत उठव. मायनं दम म्हणून घेतला नाही. संध्याकाळी डॉक्टर आले, पोटावर स्टेथोस्कोप लावायला वाकले, अन् तेवढ्यात आवाज! काय आवाज! लग्नातल्या पिपाणीसारखा लांब!

"पादना!" मायनं टाळ्याच वाजवल्या. "मना सुकदेव पादना!"

नथ्थूआबा खाटेवर उठून बसले. मी सिस्टरांचा हात धरून हलवतोय, त्याही हलवू देताहेत.

डॉक्टरांना हसू आवरेना. "सूज आहे अजून, अक्का. धोका गेलेला नाही. पण आतडं जागं झालं. नळी चालू ठेवू. थोडं वाढवूसुद्धा."

माय दारात जाऊन बाहेरच्या बायांना सांगत सुटली. भाऊचे कान लालबुंद. त्यानं बोटानं मला जवळ बोलावलं.

"मगन," तो पुटपुटला, "मायले गप कर ना भो."