साखर आली कुठून?

यावलच्या बाजाराच्या मैदानावर त्या दिवशी एवढी गर्दी लोटली होती, की भजेवाल्याला स्वतःच्याच गाडीपाशी पोहोचता येईना. बाहेर चपलांचा ढीग, आत 'मधुशमन महाराज की जय'चा गजर, आणि व्यासपीठावर झेंडूच्या माळांखाली चुडामण आबा नवरदेवासारखे लाजत उभे! खाली बायकांच्या रांगेत त्यांची बायको मंदाबाई कपाळावर आठ्या घालून बसली होती. मंदाबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. गाढवाला गणित शिकवेन पण आमच्या आबांना नाही, असं त्या उघड सांगत.

महाराजांचा पट्टशिष्य प्रेमराज यानं आबांच्या बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला लावला आणि माइकवर किंचाळला, "चारशे शहाऐंशी!"

"अरे बापा!" अख्खा मंडप हादरला.

"घाबरायचं नाही," महाराज मधाळ आवाजात म्हणाले. "ही साखर या जन्माची नाहीच. मागच्या जन्मी आबा हलवाई होते. पेढे कमी तोलले, ते आता रक्तात उतरले!"

आबांनी मान डोलावली. मागच्या जन्मी आपलं मिठाईचं दुकान होतं हे ऐकून त्यांना वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलेलं दिसलं.

मग प्रेमराजनं तांब्यातलं तीर्थ आबांच्या दोन्ही हातांवर धो धो ओतलं, नव्या पंच्यानं बोटं खसाखसा पुसली. महाराजांनी डोळे मिटून मंत्र म्हटला, "ग्लूं ग्लूं शर्करे, पळ पळ, फट्!" पुन्हा सुई, पुन्हा थेंब.

"एकशे त्रेसष्ट!"

मंडपात जो काय जल्लोष झाला! शेजारची सुपडाबाई मंदाबाईंच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. "अव माय, उतरली ना व साखर! तुह्यं नशीब उघडलं!"

महाराजांनी हात वर केला. "उद्या सोहळ्याची समाप्ती. ज्यांना सुईच्या गुलामीतून सुटायचंय, त्यांनी आपापली इन्सुलिनची पेनं घेऊन यावं आणि होमात टाकावीत. मग भरीत-पुरीची पंगत आहे. पोटभर जेवा! आजपासून तुमचं पोट माझ्या जबाबदारीवर!"

"पहिलं पेन माझं!" आबा ओरडले.

मंदाबाई उभं राहून हातानंच 'नाही, नाही' करायला लागल्या. त्याला कारण होतं. मागं कुणीतरी कारल्याच्या रसाचं खूळ डोक्यात घातलं आणि आबांनी गुपचूप इन्सुलिन सोडलं. काही दिवसांतच उलट्या, धाप, भ्रमिष्टासारखं बडबडणं सुरू झालं. जळगावच्या दवाखान्यात काचेच्या दारामागं आबा नळ्यांत गुंडाळलेले पडले होते आणि बाई बाहेर बाकावर बसून होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला असता तर हातात काही राहिलं नसतं. त्या बाकावर पुन्हा बसायची बाईंची छाती नव्हती.

त्यानंतर फैजपूरच्या डॉ. रेहान तडवींनी दोघांना समोर बसवून शिकवलं. जेवणाआधी साखर बघायची, ताटात काय येणार ते बघायचं आणि त्यांनी लिहून दिलेल्या मापानं डोस ठरवायचा. "आबा, वांग्याच्या भरिताची फार चिंता नको. साखर वाढवते ती पुरी, भाकरी, भात. इन्सुलिन ताटाच्या मापाचं पाहिजे." बाईंना ते चटकन जमलं. घोडं अडलं आबांपाशी.

"किती पुऱ्या खाणार?" असं बाईंनी जेवणाआधी विचारलं की आबांचा पारा चढायचा.

"हे काय विचारनं झालं? भूक काय आधी सांगून येते? अन् वाढनारा आग्रह करीन त्याचं काय? त्याले सांगू, बाबा रे, माह्या सुईत तुह्या आग्रहाची सोय नाही?"

खानदेशात पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं म्हणजे आणखी दोन वाढायच्या असतात, हे डॉक्टरांच्या मापात कुठं बसणार? एकदा आबांनी चार पुऱ्यांचं इन्सुलिन घेतलं आणि केळीच्या भावावर वाद घालत एकीवरच हात धुतला. तासाभरात घाम फुटून हातपाय थरथरायला लागले. साखरेचं पाणी पाजून बाईंनी त्यांना ताळ्यावर आणलं. तर दुसऱ्या वेळी दोनच सांगून सहा हाणल्या! अशा माणसाला 'पोटभर जेवा, सुई फेका' म्हणणारा भेटला, मग देवच की तो.

घरी आल्या आल्या आबांनी जाहीर केलं, "उद्यापासून सुई बंद."

"डॉक्टरांना विचारलं?"

"तुह्या डॉक्टरनं कधी दोन मिनिटांत एवढी साखर उतरवली?"

उतरली होती खरी. अख्ख्या यावलनं पाहिली होती. बाई चिडून भांडी घासायला बसल्या. अख्खं गाव विचारतंय, साखर गेली कुठं. पण मुळात ती आली कुठून? मंडपात जायच्या आधी त्यांनीच आबांची साखर मोजली होती. एकशे अठ्ठावन्न! तिथं आबांनी काही खाल्लंही नव्हतं. मग चारशे शहाऐंशी आली कुठून? आकाशातून पडली?

व्यासपीठावर चढण्याआधी काय झालं होतं? प्रेमराजनं सगळ्या रोग्यांकडून 'स्वहस्ते नैवेद्य' करवून घेतला होता. परातीत केळी, गूळ, मध. ज्यानं त्यानं उजव्या हातानं कुस्करायचं, देवापुढं ठेवायचं आणि हात कोरड्या फडक्याला पुसायचा. धुवायचा नाही, पुण्य वाहून जातं म्हणे!

बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. हात पुसून घडातलं एक पिकलं केळं सोललं, गुळाबरोबर कुस्करलं, हात पदराला पुसला आणि स्वतःच्याच बोटाला टोचलं. बाईंना मधुमेह नव्हता. यंत्रानं आकडा दाखवला, चारशे तेहतीस. साबणानं हात धुतला, कोरडा केला, पुन्हा टोचलं. शहाण्णव!

"अगं बाई!" मंदाबाई एकट्याच एवढ्या हसल्या, की आबा बाहेरून ओरडले, "काय झालं व?"

"काही नाही. उद्या मीही येते महाराजांच्या पाया पडायला."

दुसऱ्या दिवशी होम धडधडून पेटला होता. आबा पेन हातात घेऊन रांगेत पहिले. तेवढ्यात मंदाबाई केळ्यांची फणी आणि गुळाचा खडा घेऊन व्यासपीठावर चढल्या आणि वाकून नमस्कार करत म्हणाल्या, "महाराज, आमच्या बागेतली केळी आहेत. आज तुमच्या हातचा प्रसाद मिळू द्या. आबा तो खाऊनच पेन टाकतील."

महाराज खूश! त्यांनी गुळात केळी कुस्करली, आबांच्या हातावर गोळा ठेवला आणि फडक्याला हात पुसला. प्रेमराज तांब्या घेऊन पुढं आला. पण आयुष्यभर पोरांची नखं तपासलेल्या बाईंनी महाराजांचं बोट कधीच पकडलं होतं.

"एकदा तुमची साखर बघू द्या ना, महाराज. सुई नवीकोरी आहे."

"आमच्या देहात शर्करा नाही," महाराज बोट सोडवत म्हणाले. "आधी हस्तशुद्धी..."

"शर्कराच नाही तर शुद्धी कशाला?"

भक्तांनाही चेव आला. "होऊन जाऊ द्या, महाराज! शून्य दाखवा, शून्य!" भक्तांनीच कोंडल्यावर महाराज जातात कुठं? खट्कन सुई बसली. बाईंनी आकडा माइकवर वाचला.

"पाचशे बारा!"

भक्त एकमेकांकडं बघायला लागले. महाराज मात्र पक्के मुरलेले. त्यांनी डोळे मिटून आभाळाकडं तोंड केलं. "भक्तांनो, तुमच्या सगळ्यांची साखर मी माझ्या अंगावर घेतली आहे!"

"धन्य, धन्य!" सुपडाबाईनं हंबरडा फोडला आणि पुन्हा गजर सुरू झाला. मंदाबाईंनी कपाळाला हात लावला. असल्या माणसाला हरवायचं तरी कसं? मग त्यांचं लक्ष महाराजांच्या दुसऱ्या हाताकडं गेलं. केळं कुस्करताना तो मांडीवर कोरडाच राहिला होता.

"महाराज, डावा द्या."

महाराजांनी हात पाठीमागं नेला. पण आता आबाच पुढं झाले. त्यांनी महाराजांचं डावं मनगट धरून बायकोपुढं केलं. "मोज, मंदा."

"एकशे चार!" बाईंनी वाचलं. "काय हो महाराज, गावची साखर नुसती उजव्या हातात घेतली?"

आधी मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगेरांगेनं पुढं सरकलं आणि मंडप गदागदा हलायला लागला. बाईंनी आबांचा उजवा हात धुऊन त्यांना नैवेद्य कुस्करायला लावला आणि साखर मोजली. साडेचारशेच्या वर! मग कोपऱ्यावरच्या बोअरिंगचं साधं पाणी मागवून, हात धुवून, पुसून पुन्हा मोजली. एकशे सत्तर. महाराज नाही, मंत्र नाही, तीर्थ नाही! या गडबडीत प्रेमराज मंडपाच्या मागच्या बाजूनं पसार झाला आणि महाराज त्याला हाका मारत त्याच्या मागं.

बाईंनी माइक हातात घेतला. "लोकहो, साखर बोटावरची धुतली जाते. रक्तातली धुतली जात नाही. ती कुणाच्या फुंकरीनं उतरत नाही. ज्यांनी पेनं आणलीत, त्यांनी ती घरी न्या. काही बदलायचं असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि चमत्कार दिसला की नमस्काराच्या आधी एक प्रश्न विचारा. देव खरा असेल तर प्रश्नाला रागवायचा नाही. रागावलाच, तर समजा की तो देव नाही."

सुपडाबाईनं डोळे पुसले आणि महाराजांच्या नावानं अशी एक शिवी हासडली, की ती इथं लिहिता येत नाही.

भरीत तयार होतं, पुऱ्या तळून झाल्या होत्या. अन्नाचा काय दोष? पंगत बसली. आबा पाटावर बसले, ताट पुढं आलं, तरी हात लावेनात. पेन मुठीत घट्ट धरलेलं. बाईंकडं न बघताच हळू आवाजात म्हणाले, "मंदा, मी आज आगीत टाकत होतो व हे."

"हो." बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "मला फार भीती वाटली हो."

आबांनी ताटातला केळ्याचा प्रसाद बोटांनी बाजूला सारला आणि पुऱ्या मोजल्या. दोन उचलून परत बुट्टीत ठेवल्या. वाढणारा आग्रहाला वाकला, तर ताटावर हात आडवा धरला. मग पेनाचं टोपण काढून बायकोपुढं धरलं. "तीन खाईन. तीनच. याचं माप कसं ठरवतात ते मले शिकव. आधी यंत्र काढ, बोट टोचतो."

मंदाबाईंनी त्यांच्या केळं लागलेल्या बोटांकडं पाहिलं.

"आधी हात धुऊन या."